धर्म-अभ्यासाच्या परिषदा आणि आपण : जुन्नरच्या लेण्यांपासून जगाच्या व्यासपीठापर्यंत

पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग आळेफाट्यावर एकमेकांना छेदतात. फाट्यालगतचे आळे गाव वारकरी परंपरेत ओळखले जाते ते रेड्याच्या समाधीमुळे. ज्ञानेश्वरांनी पैठणला ज्या रेड्याच्या मुखातून वेद वदवले, त्याची समाधी इथे आहे असे परंपरा सांगते. ही कथा कोणी श्रद्धेने ऐकेल, कोणी दंतकथा म्हणून. पण कथेच्या पोटातला प्रश्न खरा आहे. धर्माबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाचा?

याच आळ्याहून तासाभराच्या वाटेवर जुन्नर आहे. जुन्नरच्या भोवतालच्या डोंगरांत दीडशेहून अधिक शैलगृहे कोरलेली आहेत आणि ती बौद्ध संघासाठी कोरलेली आहेत. पश्चिम भारतातल्या अशा लेण्यांवर आणि त्यांतल्या लेखांवर गेली दीडशे वर्षे लंडन, लायडन, व्हिएन्नापासून अमेरिकेपर्यंत विद्वानांच्या परिषदांत निबंध वाचले जात आहेत. या परिषदांत जुन्नर-आंबेगावच्या बौद्ध वस्त्यांतून गेलेला माणूस मात्र क्वचितच दिसतो.

धर्म-अभ्यासाच्या परिषदा म्हणजे काय, आपल्या भागातले अभ्यासक तिथे कसे पोहोचले, त्यांना काय अनुभव आले आणि आजच्या बौद्ध तरुणाने तिथे कोणत्या तयारीने जावे, याची माहिती एका ठिकाणी मिळावी म्हणून हा लेख. आमचे म्हणणे थोडक्यात असे : सभेच्या व्यासपीठावरून आपण जे ठामपणे सांगतो, ते जिथे प्रश्न विचारले जातात अशा ठिकाणी नेऊन मांडण्याची सवय आपल्याला लावून घ्यावी लागेल. बाबासाहेबांनी स्वतः तेच केले.

परिषद कशाला म्हणायचे?

आपल्याकडे धम्म परिषद, साहित्य संमेलन, विचारमंथन शिबिर आणि अभ्यासकांची परिषद हे सगळे एकाच नावाने ओळखले जाते. त्यांत फरक आहे आणि तो आधी समजून घेतला पाहिजे.

पहिला प्रकार धर्मबंधुत्वाच्या मेळाव्याचा. तिथे त्या धर्माचे अनुयायी, भिक्खू, संस्थाचालक एकत्र येतात, ठराव करतात, धम्मप्रसाराच्या योजना आखतात. १९५० साली श्रीलंकेत स्थापन झालेली जागतिक बौद्ध बंधुत्व संघटना, म्हणजे वर्ल्ड फेलोशिप ऑफ बुद्धिस्ट्स, या प्रकारातली.

दुसरा प्रकार सर्वधर्मीय मेळाव्याचा. १८९३ च्या सप्टेंबरात शिकागोला भरलेली सर्वधर्म परिषद हे त्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण.

तिसरा प्रकार अभ्यासकांच्या परिषदेचा. तिथे धर्म हा अभ्यासाचा विषय असतो. बोलणारा त्या धर्माचा असेल किंवा नसेल, त्याने पुरावा द्यायचा आणि प्रश्नांना उत्तर द्यायचे. आंतरराष्ट्रीय धर्मइतिहास संघटना १९५० साली ॲम्स्टरडॅमला स्थापन झाली. तिची जागतिक परिषद साधारण पाच वर्षांनी भरते. १९६० साली जर्मनीतल्या मारबुर्गच्या परिषदेत, धर्मांचा अभ्यास ही मानव्यविद्येची शाखा आहे, धर्माचा प्रचार हे तिचे काम नाही, अशी भूमिका मांडली गेली. आंतरराष्ट्रीय बौद्ध अध्ययन संघटना १९७६ साली स्थापन झाली. तिच्या अलीकडच्या परिषदा व्हिएन्ना, टोरंटो आणि सोल इथे झाल्या. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ रिलिजनची वार्षिक परिषद दर नोव्हेंबरात भरते आणि तिला हजारो अभ्यासक येतात. बौद्ध स्त्रियांसाठी १९८७ साली बोधगयेला स्थापन झालेली शाक्यधीता ही संघटना आहे. तिच्या परिषदेत भिक्खुणी, उपासिका आणि विद्यापीठातल्या अभ्यासक एकत्र बसतात, म्हणजे पहिला आणि तिसरा प्रकार तिथे जवळ येतो.

हा फरक कळला नाही तर दोन्हीकडे गोंधळ होतो. अभ्यासकांच्या परिषदेत जाऊन आपण भाषण करतो आणि लोक पुरावा मागू लागले की तो आपल्याला अपमान वाटतो. तो अपमान नसतो. तिथला तो शिरस्ताच आहे.

लेणी इथली, चर्चा तिकडची

एकोणिसाव्या शतकात युरोपात प्राच्यविद्या परिषदा सुरू झाल्या. १८७४ ची दुसरी परिषद लंडनला होती. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना तिचे आमंत्रण होते, पण जाणे जमले नाही. त्यांनी निबंध पाठवला. तो होता नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवर, म्हणजे बौद्ध संघाला दिलेल्या दानांच्या लेखांवर. १८८६ साली व्हिएन्नाच्या परिषदेला ते स्वतः गेले. तिथे यजमानांपैकी एक होते गेओर्ग ब्यूलर, जे आधी अनेक वर्षे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत होते. भांडारकरांनी या प्रवासाचा वृत्तांत लिहून ठेवला आहे. परत आल्यावर १८८८ साली त्यांनी मुंबईत चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक अभ्यासपद्धतीवर व्याख्यान दिले. परिषदेहून आलेल्या माणसाने इथल्या विद्यार्थ्यांना पद्धत शिकवण्याची गरज ओळखली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

दुसरे नाव पंडित भगवानलाल इंद्रजी यांचे. ते मूळचे जुनागढचे. मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्यासाठी त्यांनी लेण्यालेण्यांतून फिरून शिलालेखांचे ठसे घेतले. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेखातले प्राचीन अंक उलगडण्याचे काम त्यांचे. जेम्स बर्जेस यांच्यासोबत त्यांनी १८८१ साली पश्चिम भारतातील लेण्यांच्या शिलालेखांचा संग्रह प्रसिद्ध केला. जुन्नरचे लेख त्यात आहेत. १८८३ च्या लायडन परिषदेच्या वृत्तांतात ओडिशातल्या हाथीगुंफा लेखावरचा त्यांचा निबंध छापला गेला. लायडन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली.

भगवानलालांना इंग्रजीचा सराव नव्हता. ते गुजरातीत लिहीत आणि इतर विद्वान त्याचे इंग्रजी करीत. आपल्याकडचे अनेक तरुण इंग्रजीच्या भीतीने परिषदेचा विचारच सोडून देतात. त्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. हातात नवा पुरावा असेल तर भाषेची सोय करता येते. पुरावाच नसेल तर उत्तम इंग्रजीनेही भागत नाही.

१९१९ च्या नोव्हेंबरात पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्याला भांडारकर संस्थेत भरली. त्यामुळे व्यासपीठ जुन्नरपासून एका दिवसाच्या अंतरावर आले. पण ज्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या अक्षर पोहोचू दिले नव्हते, त्यांना हे अंतर एका दिवसात तोडता येण्यासारखे नव्हते.

शिकागो, ॲम्स्टरडॅम आणि हार्वर्ड

शिकागोच्या १८९३ च्या परिषदेत बौद्धांच्या बाजूने श्रीलंकेचे अनागारिक धर्मपाल बोलले. दोन वर्षांपूर्वीच, १८९१ साली, त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापन केली होती. जपानचे शाकू सोएनही तिथे होते. त्यांचे भाषण इंग्रजीत आणले होते डी. टी. सुझुकी या त्यांच्या तरुण शिष्याने, जो पुढे झेन परंपरेचा जगप्रसिद्ध भाष्यकार झाला. मुंबईहून ब्राह्मो विचाराचे बी. बी. नगरकर गेले होते. भारतीय बौद्ध समाज म्हणून बोलणारा कोणी तिथे नव्हता, कारण तेव्हा तसा संघटित समाज या देशात उभाच नव्हता.

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्र शिकले. परतताना १९०३ साली ॲम्स्टरडॅमच्या उदार धर्माच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचला. तीनच वर्षांनी, १९०६ साली, त्यांनी मुंबईत डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले. शिंद्यांच्या कार्याबद्दल आंबेडकरी चळवळीत मतभेद आहेत आणि ते असणारच. तरीही परदेशातल्या तौलनिक अभ्यासानंतर माणूस अस्पृश्यतेच्या प्रश्नाकडे वळला, ही गोष्ट नोंदवावी लागते. त्यांची रोजनिशी आणि आठवणी मराठीत उपलब्ध आहेत. परदेशी विद्यापीठात धर्म शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याचा अनुभव ज्याला समजून घ्यायचा आहे, त्याने त्या वाचाव्यात.

गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी यांचा अनुभव वेगळा. बुद्धाच्या शोधात त्यांनी घर सोडले, श्रीलंका आणि ब्रह्मदेशात पाली शिकले आणि १९१० पासून हार्वर्ड विद्यापीठात 'विसुद्धिमग्ग' या ग्रंथाच्या संपादनाचे काम केले. हेन्री क्लार्क वॉरन यांनी हे काम अपुरे सोडले होते. श्रेयाच्या प्रश्नावरून प्राध्यापक लॅनमन यांच्याशी कोसंबींचे मतभेद झाले आणि ते परतले. पुढे त्यांना पुन्हा हार्वर्डला जावे लागले. ग्रंथ अखेर हार्वर्डच्या मालेत आला तो १९५० साली. कोसंबींचे निधन १९४७ मध्येच झाले होते.

मधल्या काळात, १९१२ ते १९१८, ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत होते. पु. वि. बापट आणि चिं. वि. जोशी हे त्यांचे विद्यार्थी. विनोदी लेखक म्हणून घरोघरी पोहोचलेले चिं. वि. हे पालीचे प्राध्यापक होते, हे आपल्यातल्या अनेकांना ठाऊक नसते. बापटांनी पुढे '२५०० इयर्स ऑफ बुद्धिझम' हा १९५६ चा प्रसिद्ध ग्रंथ संपादित केला.

कोसंबींच्या अनुभवातून दोन गोष्टी घ्याव्यात. संशोधनात कोणाचे नाव कुठे येणार, हे काम सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्यावे. आणि श्रेय मिळो न मिळो, मागे विद्यार्थी तयार करावेत.

बाबासाहेब परिषदेत कसे गेले?

बाबासाहेबांच्या चार प्रसंगांकडे एकत्र पाहिले तर एक पद्धत दिसते.

पहिला प्रसंग ९ मे १९१६ चा. कोलंबिया विद्यापीठात अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चासत्रात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. वय होते २५. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते तिथे शिकत होते. पुढल्या वर्षी तो निबंध 'इंडियन अँटिक्वेरी'त छापून आला. त्यांनी सुरुवातीला जातीच्या प्रचलित व्याख्या घेतल्या. सेनार, नेसफिल्ड, रिस्ले आणि आपल्याच महाराष्ट्राचे श्री. व्यं. केतकर या चौघांची मते तपासली, प्रत्येकात काय कमी आहे ते दाखवले आणि मग स्वतःचा सिद्धांत मांडला : जातीचे मूळ लक्षण जातीअंतर्गत विवाह हे आहे, आणि सती, सक्तीचे वैधव्य व बालविवाह या प्रथा त्या चौकटीला टिकवण्यासाठी आल्या. ज्या व्यवस्थेने त्यांना शाळेत गोणपाटावर बसवले, तिच्याबद्दल ते बोलत होते. तरीही त्या निबंधाचे बळ युक्तिवादात आहे. परिषदेचा निबंध कसा असतो हे शिकायचे असेल तर याहून चांगला नमुना नाही, आणि तो मराठीतही मिळतो.

दुसरा प्रसंग १९५० चा. मे महिन्यात श्रीलंकेत जागतिक बौद्ध बंधुत्व संघटनेच्या स्थापनेची परिषद झाली. बाबासाहेब गेले, पण अधिकृत प्रतिनिधी म्हणून नव्हे. बौद्ध देशात धम्म प्रत्यक्षात कसा पाळला जातो, विधी कसे होतात, धर्म किती जिवंत आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. कोलंबोत त्यांनी भारतातील बौद्ध धर्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर व्याख्यानही दिले. दीक्षेआधी सहा वर्षे त्यांचे हे निरीक्षण चालले होते.

तिसरा प्रसंग डिसेंबर १९५४ चा. प्रकृती साथ देत नसताना ते रंगूनच्या तिसऱ्या परिषदेला गेले. परत आल्यावर २५ डिसेंबर १९५४ रोजी पुणे जिल्ह्यातल्याच देहूरोड इथे रंगूनहून आणलेल्या बुद्धमूर्तीची त्यांच्या हस्ते प्रतिष्ठापना झाली. आपण दरवर्षी देहूरोडला जातो. पण त्या दिवशीच्या भाषणातला एक भाग फारसा सांगितला जात नाही. पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धमूर्ती आहे असे आपले मत त्यांनी तिथे सांगितले. आणि त्याला जोडूनच सांगितले की यावर आपण प्रबंध लिहिणार आहोत आणि तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळापुढे वाचणार आहोत.

हा तपशील नीट पाहा. समोर हजारोंचा समाज होता. त्यांच्यापुढे म्हटलेले कोणी तपासायला जाणार नव्हते. तरीही बाबासाहेबांनी आपले मत अभ्यासकांपुढे, तेही पुण्यातल्या अभ्यासकांपुढे, वाचण्याची जबाबदारी स्वतःवर घेतली. पुढच्या दोन वर्षांत ते काम पूर्ण होऊ शकले नाही. विठोबाबद्दलचे त्यांचे मत आपण गेली कित्येक दशके भाषणांतून सांगत आलो. प्रबंधाचे वचन मात्र आपल्यापैकी थोड्यांनीच उचलले.

चौथा प्रसंग काठमांडूचा. दीक्षेनंतर जेमतेम महिनाभराने, २० नोव्हेंबर १९५६ रोजी, चौथ्या परिषदेत ते बुद्ध आणि कार्ल मार्क्स या विषयावर बोलले. आता ते बौद्ध म्हणून बोलत होते. तरी विषय निवडला तो तुलनेचा. जगातल्या सर्वांत प्रभावी विचाराशी बुद्धाच्या विचाराची थेट तुलना करून त्यांनी आपले म्हणणे मांडले.

आज तिथे काय अनुभव येतो?

पहिल्यांदा परिषदेला जाणाऱ्या बौद्ध तरुणासमोर काही प्रश्न हमखास उभे राहतात.

एक, नावाचा प्रश्न. आपण स्वतःला बौद्ध म्हणतो. अभ्यासकांच्या लेखनात मात्र आपल्यासाठी नवबौद्ध, आंबेडकरी बौद्ध, नवयानी अशी नावे येतात. सामाजिक कार्याशी जोडलेल्या बौद्ध विचाराला 'एंगेज्ड बुद्धिझम' म्हणतात आणि १९९६ साली त्या विषयावर निघालेल्या क्वीन व किंग यांच्या गाजलेल्या ग्रंथात आंबेडकरी चळवळीवर प्रकरण आहे. 'नव' हा शब्द ऐकून चिडण्याआधी त्याचा इतिहास माहीत हवा. नवयान हा शब्द १३ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या पत्रकार परिषदेत बाबासाहेबांच्याच बोलण्यात आला होता. पण सरकारी कागदातला 'नवबौद्ध' आणि तो 'नवयान' यांचा अर्थ एक नाही. हा फरक शांतपणे मांडता आला तर तोच एक निबंध होतो.

दोन, साक्षीदार की अभ्यासक, हा प्रश्न. आपल्या समाजावर मोठे काम करणाऱ्यांत एलिनॉर झेलियट आणि गेल ऑम्व्हेट ही नावे आहेत. झेलियट यांचा महार चळवळीवरचा प्रबंध १९६९ चा. ऑम्व्हेट तर कासेगावच्याच होऊन गेल्या. दोघींचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्यासारख्यांच्या कामात आपण बहुधा मुलाखत देणारे असतो. परिषदेतही आपल्याकडून अनुभवकथनाची अपेक्षा केली जाते आणि विश्लेषण दुसऱ्याकडे सोपवले जाते. अनुभव सांगायला लाजू नये, पण तिथेच थांबू नये.

तीन, श्रद्धेचा प्रश्न. तथागतांच्या जीवनातील एखाद्या घटनेवर, त्रिपिटकाच्या काळावर किंवा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातील मांडणीवर तिथे प्रश्न विचारले जातात. पाली ग्रंथात हे कुठे आहे, बाबासाहेबांनी काय घेतले, काय बदलले, का बदलले, असे विचारणारा दरवेळी शत्रू नसतो. बाबासाहेबांनी पालीचे व्याकरण आणि शब्दकोशाचे काम केले, ते शासनाच्या ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात आहे. उत्तर द्यायचे तर आपल्यालाही त्या वाटेने जावे लागेल.

चार, पैशाचा प्रश्न. नोंदणी शुल्क, विमान, व्हिसा, राहणे. शेतमजुराच्या किंवा कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्याच्या मुलाला हे परवडत नाही. बाबासाहेबांच्या मागेही बडोद्याची शिष्यवृत्ती होती. मोठ्या परिषदांत विद्यार्थ्यांना शुल्कात सवलत असते, काहींत प्रवासखर्चासाठी मदत असते, आणि अर्जाची मुदत परिषदेच्या कितीतरी महिने आधी संपते. शिवाय गावोगावच्या जयंती मंडळांनी वर्गणीतला एक लहान हिस्सा एका विद्यार्थ्याच्या प्रवासासाठी बाजूला काढला तर चळवळीचे काही कमी होणार नाही.

विषय आपल्या डोंगरात आहेत

निबंधाला विषय कुठून आणायचा, असे विचारले जाते. जुन्नर-आंबेगावच्या तरुणाने हा प्रश्न विचारू नये. लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा या चार डोंगरांत विषय भरून आहेत.

लेण्याद्रीच्या सहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला चैत्य कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याने दान दिला, असे तिथला लेख सांगतो. कल्याणचे बंदर, नाणेघाट आणि जुन्नर यांचा व्यापारी संबंध एका ओळीत सापडतो. तुळजा लेण्यांत बारा खांबांचा गोलाकार चैत्य आहे. अशी रचना फार विरळा. मानमोडीच्या भीमाशंकर गटात क्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा वर्ष ४६ चा लेख आहे. जुन्नरच्या लेखांत इरिल, चिट आणि चंद या यवनांची दाने आहेत. त्यातल्या चिटाने संघासाठी भोजनमंडप दिला. परदेशी माणूस इथे येऊन उपासक झाला, ही आजच्या जगाला सांगण्यासारखी गोष्ट आहे.

श्रेणींचे लेख तर आपल्यासाठी फार मोलाचे. धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने लेणे आणि पाण्याची पोढी दिली. बांबूकाम करणारे आणि कासार यांच्या श्रेणींकडे संघासाठी ठेव ठेवल्याचा उल्लेख आहे. म्हणजे पुढे जातिव्यवस्थेने ज्यांना खाली ढकलले, त्या कष्टकरी कारागिरांवर तेव्हा लोक ठेवी सोपवत होते. एका लेखात नगरातल्या धम्मुत्तरीय भिक्खुणींच्या निवासाचा उल्लेख येतो. त्यावर आपल्या मुलींनी काम करावे.

हे लेख प्राकृतात आणि ब्राह्मी लिपीत आहेत. 'लेण', 'पोढी', 'देयधम' हे शब्द मराठी कानाला परके वाटत नाहीत. ब्राह्मी मन लावून शिकली तर काही आठवड्यांत वाचता येऊ लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठी, पाली आणि प्राकृत या तिन्ही भाषांना अभिजात दर्जा मिळाला. जुन्नर हे या तिन्हींच्या अभ्यासाचे ठिकाण आहे.

आणि एक अवघड विषय. लेण्याद्रीचा सातवा विहार आज गिरिजात्मज गणपतीचे मंदिर आहे, अष्टविनायकांपैकी एक. लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत आणि पूजाही चालू आहे. यावर आपल्याकडे घोषणा होतात. पण विहाराचे मंदिर केव्हा आणि कसे झाले, मधल्या शतकांत तिथे काय होते, कोणत्या कागदपत्रांत पहिला उल्लेख येतो, भिंतींत काय बदल केले गेले, याचा क्रम पुराव्याने लावून दाखवणारा निबंध घोषणेपेक्षा जास्त टिकेल. तो आपल्याला सोयीचा निघेलच असे नाही. तरीही तो व्हायला हवा.

तयारी कशी करावी?

१. आधी श्रोता म्हणून जा. पुण्यात सावित्रीबाई फुले विद्यापीठाचा पाली विभाग, डेक्कन कॉलेज, भांडारकर संस्था इथे व्याख्याने आणि चर्चासत्रे होतात. १९५० ला बाबासाहेबही आधी पाहायला गेले होते.

२. एक लहान प्रश्न निवडा. 'बौद्ध धम्म आणि विज्ञान' हा निबंधाचा विषय होत नाही. 'जुन्नरच्या लेखांतील पाण्याच्या पोढ्यांची दाने' हा होतो.

३. आधी कोणी काय लिहिले ते वाचा. बर्जेस आणि भगवानलाल यांचा संग्रह, नागराजू आणि विद्या देहेजिया यांची पश्चिम भारतातील बौद्ध लेण्यांवरची पुस्तके इथून सुरुवात करता येईल.

४. गोषवारा दोनशे ते तीनशे शब्दांचा लिहा. प्रश्न काय, पुरावा कोणता, नवे काय, एवढेच त्यात हवे.

५. निबंध वाचायला साधारण पंधरा ते वीस मिनिटे मिळतात. घड्याळ लावून घरी तीनदा वाचा. वंदन, आभार आणि प्रस्तावनेत पाच मिनिटे घालवू नका.

६. उत्तर माहीत नसेल तर 'हे मी तपासून सांगेन' म्हणा आणि खरोखर तपासून कळवा. परिषदेतली ओळख अशीच टिकते.

७. पैसे भरले की लगेच प्रमाणपत्र आणि पुस्तकात छपाई, अशी हमी देणाऱ्या परिषदांपासून सावध राहा. निबंध कोण तपासणार हे विचारा. उत्तर मिळाले नाही तर पैसे वाचवा.

८. परत आल्यावर विहारात बसून मराठीत सगळे सांगा. कोणी काय विचारले, आपण कुठे अडखळलो, तेही सांगा. पुढचा जाणारा तिथून पुढे जाईल.

शेवटी

धम्म स्वीकारताना बाबासाहेबांनी आपल्याला तपासून पाहण्याचा अधिकार दिला. तो अधिकार आपल्या स्वतःच्या दाव्यांनाही लागू आहे. जुन्नरच्या कारागिरांनी, व्यापाऱ्यांनी, भिक्खुणींनी आपली नावे आणि दाने दगडात कोरून ठेवली म्हणून दोन हजार वर्षांनी ती वाचता आली. आपले म्हणणेही तसेच नोंदवावे लागेल, पुराव्यासह आणि आपल्या नावासह.

आळे, ओतूर, नारायणगाव, घोडेगाव, मंचर इथल्या महाविद्यालयांत शिकणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्यांना आमचे एवढेच सांगणे आहे. या वर्षी एक शिलालेख निवडा, त्याच्यापुढे उभे राहून तो वाचा आणि त्यावर पाच पाने लिहा. ती पाने आधी विहारात वाचा, मग पुण्यात. देहूरोडला दिलेले प्रबंधाचे वचन अजून कोणीतरी पुरे करायचे आहे.

जय भीम. नमो बुद्धाय.